ओळखीच्या माणसांचे नाटक: स्थानिक रंगभूमीवर परीक्षण लिहू पाहणाऱ्यांसाठी

मी सांगलीत एका स्थानिक दैनिकासाठी गेली बारा वर्षे नाटकांची परीक्षणे लिहीत आहे. गेल्या महिन्यात ज्या नाटकावर लिहिले, त्यातला नायक मला बँकेत पासबुक भरून देतो, त्याच्या आईची भूमिका करणाऱ्या बाईंनी माझ्या मुलीला पाचवीत मराठी शिकवले आहे आणि प्रकाशयोजना ज्यांची होती, त्यांनीच आमच्या घराचे वायरिंग केले आहे. विष्णुदास भावे यांनी ५ नोव्हेंबर १८४३ रोजी ज्या गावात ‘सीता स्वयंवर’ उभे केले, त्या गावात आजही नाटक करणारी, पाहणारी आणि त्यावर लिहिणारी माणसे फिरून फिरून तीच असतात. कोणाशीही ओळख नसलेल्या माणसाने लिहिलेले तेच निःपक्षपाती परीक्षण, अशी व्याख्या धरली, तर सांगली, इचलकरंजी, रत्नागिरी किंवा फोंडा यांपैकी एकाही ठिकाणी असे परीक्षण लिहिले जाणार नाही. म्हणून ओळखी तोडण्याच्या भानगडीत न पडता, त्या असूनही वाचकाला आणि कलावंतालाही भरवसा वाटेल अशी कामाची रीत बसवून घ्यावी लागते. मला ती कोणी शिकवली नाही. चुका करत करत ती बसली. त्यांतल्या काही चुका तुमच्या वाट्याला येऊ नयेत, म्हणून ती पायरीपायरीने मांडतो.

१. आपली भूमिका आधी ठरवा

आपल्याकडे ‘परीक्षण’ हा एकच शब्द दोन कामांसाठी वापरतात. स्पर्धेत गुण देतो तो परीक्षक, आणि वर्तमानपत्रात आपण लिहितो तेही परीक्षणच. त्यामुळे हौशी संस्थांना आपण पहिल्या रांगेत बसलेले आणखी एक परीक्षक वाटतो, आणि खरे सांगायचे तर नव्या लेखकालाही तसे वाटून घ्यायला आवडते. ही दोन कामे पहिल्या दिवसापासून वेगळी ठेवा. पुण्याच्या महाराष्ट्रीय कलोपासक संस्थेच्या पुरुषोत्तम करंडक स्पर्धेत २०२२ साली अंतिम फेरीतली एकही एकांकिका करंडकाच्या योग्यतेची नाही, असा निर्णय परीक्षकांनी दिला आणि त्यावर दोन्ही बाजूंनी भरपूर बोलले गेले. करंडक देणे किंवा राखून ठेवणे हा परीक्षकाचा अधिकार आहे. तुम्हाला तो नाही आणि त्याची गरजही नाही. आपली संध्याकाळ आणि तिकिटाचे पैसे खर्च करून येणाऱ्या माणसाला रंगमंचावर काय घडले ते सांगणे, आणि ते का जमले किंवा का फसले याविषयी कारणांसह मत देणे, एवढेच आपले काम असते.

यातून एक व्यवहाराचा नियम निघतो. ज्या स्पर्धेत तुम्ही परीक्षक आहात, त्या स्पर्धेतल्या एकाही नाटकावर त्या हंगामात लिहू नका, मग त्याचे स्वतंत्र प्रयोग नंतर लागले तरी. दुसरा नियम तालमीचा. “एकदा तालमीला येऊन बघा, काही सूचना असल्या तर सांगा,” हे निमंत्रण आपुलकीचे असते आणि नव्या लेखकाला ते मोठ्या मानाचे वाटते. पण तुम्ही दोन सूचना केल्या आणि त्या दिग्दर्शकाने घेतल्या, की त्या नाटकात तुमचाही हात लागला. पुढे तोच प्रसंग रंगलेला पाहून तुम्ही दाद द्याल, ती स्वतःलाच दिलेली असेल. मी तालमींना जात नाही. जायचा मोह झालाच, तर जावे, मनापासून मदत करावी आणि त्या नाटकावरचे लेखन दुसऱ्याकडे सोपवावे.

२. नात्यांची वही करा

साधी दोनशे पानी वही घ्या आणि तिच्यात संस्थावार पाने पाडा. प्रत्येक संस्थेच्या पानावर लेखक, दिग्दर्शक, प्रमुख कलावंत आणि पदाधिकारी यांच्यापुढे तुमचा त्यांच्याशी असलेला संबंध लिहा. हे काम नाटक पाहण्याच्या आधी करायचे असते, कारण नाटक आवडल्यानंतर नाते क्षुल्लक वाटू लागते आणि आवडले नाही, तर तेच नाते आडवे येते.

घरातली माणसे, जवळचे नातेवाईक, आपण सभासद असलेली संस्था, आणि ज्यांच्याशी उसनवारी, नोकरी किंवा भागीदारीचा व्यवहार आहे अशी माणसे, यांच्या नाटकावर अजिबात लिहू नये. पूर्वी एकत्र काम केले असेल, कोणी आपले शिक्षक असतील, तर लिहावे, पण तो संबंध परीक्षणाच्या आरंभीच एका वाक्यात सांगावा: “या नाटकाचे दिग्दर्शक आणि प्रस्तुत लेखक यांनी दहा वर्षांपूर्वी एका एकांकिकेत एकत्र काम केले आहे.” हे वाक्य शेवटी बारीक अक्षरात टाकण्याची पद्धत मला पटत नाही, कारण तोवर वाचकाने तुमचे मत स्वीकारलेले असते. बँकेत, दूध केंद्रावर किंवा लग्नात भेटणाऱ्यांची नुसती तोंडओळख जाहीर करत बसू नका. गावात ती सगळ्यांचीच असते आणि प्रत्येक वेळी ती सांगत राहिलात, तर जिथे खरोखर सांगायला हवे तिथले वाक्यही वाचक नजरेआड करतो.

नवखे लेखक एक रकाना हमखास विसरतात, तो भांडणाचा. तुमची संहिता नाकारलेली संस्था, एखाद्या सभेत चार लोकांत तुमचा पाणउतारा केलेला दिग्दर्शक, तुमच्या परीक्षणावर पूर्वी तिखट पत्र लिहिलेला लेखक, हे सगळे वहीत हवेत. मेहुण्याच्या नाटकावर लिहू नये हे सर्वांना कळते. वैऱ्याच्या नाटकावरही लिहू नये, हे कळायला मला तीन वर्षे लागली.

आपण बाजूला झालो, तर लिहिणार कोण, याचीही तजवीज करून ठेवा. शेजारच्या गावातले दोन-तीन जाणते प्रेक्षक हेरून ठेवावेत. माझ्याकडे मिरजेचे एक निवृत्त शिक्षक आहेत. मी ज्या नाटकांवर लिहू शकत नाही, त्यांवर ते लिहितात, आणि माझ्यापेक्षा कितीतरी कडक लिहितात.

३. तिकीट काढा

तिकीट खिडकीवर पैसे देऊन तिकीट घ्या आणि त्याचे पैसे संपादकांकडून मागून घ्या. ते देत नसतील तर, हौशी नाटकांचे दर पाहता, पदरचे घाला. मानार्थ प्रवेशिका घेणे पाप आहे असे मी म्हणत नाही. एकाच पासावर कोणी विकला जात नाही. पण पास देताना संयोजक तुम्हाला ओळखतो, तिसऱ्या रांगेत मध्यावर बसवतो, शेजारी स्वतः बसतो आणि मध्यंतरात बटाटेवडा आणवतो. पहिली चार वर्षे मी अशीच नाटके पाहिली. मग एकदा उशीर झाल्यामुळे तिकीट काढून चौदाव्या रांगेत बसलो, तेव्हा लक्षात आले, की ज्या अभिनेत्याच्या ‘संयत’ अभिनयाचे मी वर्षानुवर्षे कौतुक करत आलो, त्याची निम्मी वाक्ये पंख्यांच्या आवाजात मागे पोचतच नव्हती. माझ्या पुढे बसलेल्या आजीबाई दर दोन मिनिटांनी नातवाला विचारत होत्या, “काय म्हणाला रे?” तेव्हापासून मी मुद्दाम मागे बसतो.

पास घेतलाच, तर ते परीक्षणात सांगा. तुम्ही व्हिडिओ करून समाजमाध्यमांवर टाकणार असाल, तर हे अधिक काटेकोरपणे पाळा. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये समाजमाध्यमांवर शिफारस करणाऱ्यांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांत जाहीर करण्याजोग्या हितसंबंधांमध्ये पैशांबरोबरच फुकट मिळालेल्या वस्तू, सवलती, प्रवास-मुक्काम, पुरस्कार आणि कौटुंबिक किंवा वैयक्तिक नाते यांचाही समावेश आहे. शाल-श्रीफळाचे काय, असा प्रश्न नेहमी येतो. नाटकाच्या आधी पडद्यापुढे बोलावून सत्कार करण्याची आपल्याकडे हौस फार; तुमचे नाव पुकारले गेले आणि सभागृहात टाळ्या पडल्या, की नाही म्हणणे अवघड जाते. म्हणून संस्थेला दोन दिवस आधीच निरोप द्या, की मी प्रेक्षक म्हणून येत आहे, सत्कार नको.

सापळा: तुमचे दैनिक त्याच नाटकाची जाहिरात छापत असेल किंवा त्या महोत्सवाचे माध्यम प्रायोजक असेल, तर जाहिरात विभागातून फोन येणारच. तो आल्यावर वाद घालण्यापेक्षा लिहायला सुरुवात करण्याआधीच संपादकांशी बोलून तीन गोष्टी ठरवून घ्या. परीक्षण जाहिरात विभागाला आधी दाखवले जाणार नाही, मत बदलून छापले जाणार नाही, आणि जागेअभावी कापायचे झाल्यास काय कापले ते तुम्हाला कळवले जाईल. माझ्या एका परीक्षणातली उणिवांची दोन वाक्ये पान लावताना कापली गेली आणि उरलेली स्तुती माझ्या नावाने छापून आली. त्या दिवसापासून मी उणिवा शेवटच्या परिच्छेदात ठेवणे बंद केले.

४. जाण्यापूर्वीची तयारी

सोबत न्यायची सामग्री थोडी असते:

• बिनरेघांची लहान वही आणि दोन शिसपेन्सिली, कारण अंधारात बॉलपेन चालले की थांबले ते कळत नाही आणि बटणाच्या पेनचा आवाज शेजाऱ्याला त्रास देतो;
• माहितीपत्रक किंवा श्रेयनामावलीचा फोटो, तोही प्रवेशद्वारावरच काढलेला;
• प्रयोगाची तारीख, वेळ आणि कितवा प्रयोग याची नोंद;
• संस्थेतल्या एका जबाबदार माणसाचा फोन नंबर, फक्त नावे आणि तपशील तपासण्यापुरता.

मोबाइलवर टिपणे घेऊ नका. पडद्याचा उजेड मागच्या तीन रांगांना दिसतो, आणि विंगेत उभ्या असलेल्या नटालाही.

संहिता आधी वाचावी का, यावर मतभेद आहेत. नवी संहिता मी आधी वाचत नाही; प्रेक्षकाला जे रंगमंचावरून कळते, तेवढेच मला कळावे असे वाटते. प्रयोगानंतर मात्र शंका असलेला प्रसंग वाचण्यासाठी प्रत मागतो. श्रेयनामावलीत लेखकाच्या नावापुढे ‘लेखक’, ‘रूपांतर’ की ‘कल्पनेवर आधारित’ असे छापले आहे, ते आधीच पाहून ठेवा. मराठीत माधव मनोहर या समीक्षकांची ख्याती अशी होती, की नाटक कोणत्या परकीय नाटकावरून उचलले आहे हे ते हटकून सांगत. तेवढे वाचन आपले असेलच असे नाही. म्हणूनच साम्य जाणवले, तर ‘चोरी’ हा शब्द लिहिण्याआधी मूळ नाटक काढून वाचावे आणि प्रसंगाला प्रसंग लावून पाहावा. नुसत्या संशयाने नाव खराब होते, आणि लहान गावात ते पुन्हा चांगले व्हायला वेळ लागतो.

५. तिसऱ्या घंटेआधी बसा आणि पडदा पडेपर्यंत उठू नका

ही पायरी इतकी उघड आहे, की ती लिहायचीही लाज वाटते. तरीही माझी सर्वांत मोठी चूक इथेच झाली. एका हौशी संस्थेच्या नाटकात नायिकेची भूमिका करणारी मुलगी आदल्या दिवशी तापाने फणफणली आणि तिच्या जागी दुसरीच मुलगी उभी राहिली. तशी घोषणा तिसऱ्या घंटेआधी झाली, तेव्हा मी बाहेर टपरीवर चहा पीत होतो. प्रयोग चांगला झाला. मी श्रेयनामावलीत छापलेले नाव घेतले आणि लिहिले, की अमुक यांनी भूमिकेचे सोने केले. परीक्षण छापून आले त्या दिवशी दुपारी एक गृहस्थ कार्यालयात आले. हातात घडी केलेला अंक होता. रागावले नव्हते. “सर, बाकी सगळं झकास लिवलंय. नाव तेवढं चुकलंय ओ,” असे म्हणून त्यांनी तो परिच्छेद दाखवला. “पोरगीनं दोन दिवसांत पाठ केलं हुतं.” दुरुस्तीची चौकट चार दिवसांनी सातव्या पानावर आली, आणि ती किती जणांनी वाचली असेल ते सांगायला नको.

दैनिकाच्या अंकाची वेळ गाठायची म्हणून नाटक अर्धे सोडून निघणे हा दुसरा धोका. पाने छपाईला लवकर सुटतात हे खरे आहे. त्यावर उपाय म्हणजे परीक्षण एक दिवस उशिरा देणे. शेवटचा प्रवेश न पाहता शेवटावर मत देणे नव्हे.

६. त्याच रात्री दोन रकाने भरा: दिसले आणि वाटले

माझ्या अनुभवात निष्पक्षपणाचे सर्वाधिक काम याच पायरीवर होते, म्हणून इथे जरा थांबतो. घरी आल्यावर झोपण्यापूर्वी वहीचे एक पान उभे दुमडा. डाव्या बाजूला जे डोळ्यांनी दिसले आणि कानांनी ऐकू आले तेच लिहा, उजव्या बाजूला तुम्हाला काय वाटले ते लिहा, आणि उजवीकडचे प्रत्येक मत डावीकडच्या किमान एका नोंदीवर उभे आहे का ते पाहा. आधाराविना उरलेले मत परीक्षणात जाऊ देऊ नका. मित्राच्या नाटकाबद्दल उजवा रकाना भराभर भरतो आणि डावा रिकामा राहतो. न आवडणाऱ्या माणसाच्या नाटकाचेही तसेच होते.

उदाहरण घ्या. माझ्या जुन्या कात्रणांत एक वाक्य आहे: “प्रकाशयोजनेने साफ निराशा केली.” वाचकाला यातून काहीच कळत नाही आणि प्रकाशयोजनाकाराला फक्त अपमान कळतो. आज मी असे लिहीन: “दुसऱ्या अंकात नायिका पत्र वाचते, तेव्हा उजेड टेबलावर होता आणि ती त्याच्या दोन पावले डावीकडे उभी होती, पत्राचे सगळे वाचन अंधारातून ऐकू आले.” यात दोष प्रकाशाचा की चुकीच्या जागी उभ्या राहिलेल्या अभिनेत्रीचा, हे मला खुर्चीतून ठामपणे सांगता येत नाही, आणि सांगायची गरजही नाही. संस्थेला हे वाक्य वाचताक्षणी कोणाची चूक ते कळते. स्तुतीलाही हाच नियम लावा. ‘सहजसुंदर अभिनय’, ‘समर्थ साथ’, ‘नेटके नेपथ्य’ आणि ‘पूरक पार्श्वसंगीत’ हे चार शब्दप्रयोग वहीच्या मुखपृष्ठावर लिहून त्यांवर काट मारून ठेवा. नाटक न पाहता लिहिलेल्या परीक्षणातही ते शोभून दिसतात.

दोष नोंदवताना तो संस्थेच्या हातातला होता का, हेही पाहा. हौशी संस्थेला नाट्यगृह बहुतेक वेळा प्रयोगाच्या दिवशीच ताब्यात मिळते, त्यातच नेपथ्य उभे करायचे, दिवे लावायचे, आवाज तपासायचा. रंगीत तालीम मूळ रंगमंचावर झालेलीच नसते. ध्वनियंत्रणा नाट्यगृहाची असेल आणि ती खरखरत असेल, तर तक्रार नाट्यगृहाविरुद्ध लिहा. उलट, पाठांतर कच्चे असणे, दोन प्रवेशांमध्ये पाच-पाच मिनिटे अंधार असणे, विंगेत बोलण्याचा आवाज येणे, या गोष्टींना हौशीपणाची सबब चालत नाही. त्या पैशांवाचूनही सुधारतात.

मोजपट्टी कोणती लावायची, हाही न्यायाचाच प्रश्न आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली भागांत झाडीपट्टीची नाटके रात्रभर चालतात, गाण्यांनी आणि विनोदी पात्रांनी भरलेली असतात आणि मंडई (तिकडची गावजत्रा) किंवा शंकरपट (बैलांची शर्यत) यांच्या निमित्ताने जमलेल्या गर्दीपुढे होतात. त्यांना प्रायोगिक रंगमंचावरच्या दीर्घांकाची, म्हणजे एकाच लांब अंकाच्या नाटकाची, मोजपट्टी लावून ‘भडक’ म्हणणे सोपे आहे आणि चुकीचेही आहे. सिंधुदुर्गात आणि गोव्यात दशावतारी कलावंत लिखित संहितेवाचून, ठरलेल्या आख्यानावर आयत्या वेळी संवाद रचत जातात. एकदा मी अशाच एका मंडळीकडे प्रयोगानंतर संहितेची प्रत मागितली होती. हार्मोनियमवाले इतके हसले, की ते अजून आठवते. तिथे विचारायचा प्रश्न वेगळा असतो: दोन पात्रांची शाब्दिक जुगलबंदी आख्यानाला पुढे नेते की भरकटते, आणि समोरच्याचे वाक्य नट खरोखर ऐकून उत्तर देतो का. जो प्रकार तुम्हाला नवा आहे, त्याचे निदान तीन प्रयोग पाहिल्याशिवाय त्यावर मत छापू नका.

७. लिहिताना: माणूस बाजूला, काम पुढे

नट हा स्वतःचे शरीर आणि आवाज घेऊनच उभा असतो, त्यामुळे त्याच्या कामावरची टीका त्याला अंगावरची वाटते. म्हणून वजन, रंग, उंची, वय यांवरची शेरेबाजी पूर्णपणे वर्ज्य करा. पात्रयोजना खटकली, तर प्रश्न दिग्दर्शकाला विचारा: संहितेतली सोळा वर्षांची मुलगी चाळिशीच्या अभिनेत्रीने का केली आणि त्यासाठी प्रयोगात कोणती सोय केली? शाळकरी मुलांच्या नाटकात कोणाही मुलाचे नाव घेऊन उणीव दाखवू नये. जे सांगायचे ते दिग्दर्शकाला सांगावे. व्यावसायिक नाटकाचा दर तिप्पट-चौपट असेल, तर तिथे हात आखडता घेण्याचे कारण नाही.

कायद्यानेही ही रेषा जवळपास इथेच आखली आहे, हे मला फार उशिरा कळले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये अब्रुनुकसानीची व्याख्या आहे आणि तिला अपवाद आहेत. जुन्या दंड संहितेच्या कलम ४९९ मध्येही ते होते. त्यांतल्या एका अपवादानुसार, जी कृती कर्त्याने लोकांच्या निर्णयासाठी पुढे ठेवली आहे, तिच्या गुणदोषांविषयी सद्भावनेने मत व्यक्त करणे ही अब्रुनुकसानी ठरत नाही. सार्वजनिक रंगमंचावर येणारा नट किंवा गायक आपला अभिनय किंवा गायन लोकांच्या निर्णयासाठी मांडतो, असे तिथे उदाहरणातच म्हटले आहे. पुढे पुस्तकाचे उदाहरण आहे. ‘हे पुस्तक मूर्खपणाचे आहे, तेव्हा लेखक दुबळ्या मनाचा असला पाहिजे’ असे सद्भावनेने म्हणणारा अपवादात बसतो, कारण त्याने पुस्तकात दिसले तेवढ्यावरूनच मत बनवले. पण ‘पुस्तक मूर्खपणाचे निघाले यात नवल नाही, कारण लेखक मुळातच दुबळा आणि स्वैराचारी आहे’ असे म्हणणाऱ्याला ते संरक्षण मिळत नाही. आपल्या भाषेत सांगायचे, तर रंगमंचावर दिसले तेवढ्यावर लिहा. पडद्यामागे ऐकलेले आणू नका. ‘हे दिग्दर्शक तालमीला वेळेवर येत नसल्यामुळे’ असे वाक्य लिहिण्याचा मोह मला झाला आहे. माहिती खरीही होती. तरी ते खोडले, कारण चौदाव्या रांगेतून ते दिसत नव्हते.

संवाद उद्धृत करण्याबद्दल नवे लेखक उगाच घाबरतात. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२ नुसार समीक्षेसाठी कृतीचा उचित वापर चालतो. मुद्दा मांडण्यापुरती दोन-चार वाक्ये अवतरणात, लेखकाच्या नावासह द्यावीत. प्रयोगाचे चित्रीकरण करून टाकणे हा मात्र वेगळा विषय आहे, आणि तो परवानगीशिवाय करू नये.

८. स्पर्धेच्या दिवसांत

सांस्कृतिक कार्य संचालनालयाच्या राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी आपल्या शहराच्या केंद्रावर लागली, की ओळीने कित्येक संध्याकाळी एकेक नाटक असते आणि स्थानिक दैनिके दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी परीक्षण छापतात. या काळात सर्व नाटकांना समान शब्दसंख्या द्या, कोणत्याही नाटकाला क्रमांक देऊ नका आणि ‘अंतिम फेरीची दावेदार’ यासारखी भाषा टाळा. परीक्षकही दैनिक वाचतात. आठव्या-नवव्या दिवसानंतर लेखक थकतो आणि थकव्याचा दंड शेवटच्या संस्थांना बसतो. मी मधल्या एका दिवशी मिरजेच्या शिक्षकांना पाठवतो आणि घरी झोपतो.

९. पाठवण्याआधी आणि छापून आल्यावर

मजकूर संस्थेला आधी वाचायला देऊ नका, कितीही गोड बोलून मागितला तरी. नावे, भूमिका, तांत्रिक श्रेये मात्र फोन करून एकेक तपासा. मग लेखातले प्रत्येक कठोर वाक्य त्या माणसाच्या तोंडावर म्हणू शकाल का, असे स्वतःला विचारून पाहा. म्हणता येणार नसेल, तर ते वाक्य बहुधा उजव्या रकान्यातले असते.

छापून आल्यावर फोन येतील. “सर, पोरं दोन महिने राबल्यात, जरा सांभाळून घ्यायचं होतं,” असे म्हणणाऱ्याशी वाद घालू नका. ऐकून घ्या आणि एकच विचारा, की मी लिहिलेले काही घडलेच नाही असे आहे का. वस्तुस्थितीची चूक निघाली, तर पुढच्या अंकात दुरुस्ती द्या, आणि शक्य असेल तर परीक्षण ज्या पानावर आले होते त्याच पानावर. मतभेद असेल, तर संस्थेने सही करून पत्र पाठवावे आणि दैनिकाने ते छापावे, असा आग्रह तुम्हीच संपादकांकडे धरा. त्या पत्राला लगेच उत्तर लिहू नका. संस्थेने नाटकात बदल केले असतील आणि प्रयोग चालू राहिले असतील, तर काही प्रयोगांनंतर पुन्हा तिकीट काढून जा आणि बदललेले चार ओळींत नोंदवा. मी आजवर तीन वेळा असे केले. एकदा पहिले मत बदलले, दोनदा नाही.

तुमच्या परीक्षणातले एखादे वाक्य पुढे नाटकाच्या जाहिरातीत दिसेल, तेव्हा ते मूळ लेखाशी ताडून पाहा. ‘पहिला अंक खिळवून ठेवतो, दुसरा मात्र विस्कळीत होतो’ या वाक्यातले पहिले चार शब्द बॅनरवर चढलेले मी पाहिले आहेत. अशा वेळी संस्थेला लेखी कळवून पूर्ण वाक्य छापायला किंवा ते काढून टाकायला सांगावे; त्यांनी तसे केलेही.

शेवटचे काम कपाटातले. तिकिटाचा अर्धा तुकडा, माहितीपत्रक, दोन रकान्यांचे पान आणि छापील कात्रण एकत्र टाचून, त्यावर प्रयोगाची तारीख घालून संस्थावार पाकिटांत ठेवा. पाच वर्षांनी तीच संस्था तेच नाटक नव्या संचात घेऊन येते, आणि तेव्हा आपण काय पाहिले होते हे आठवणीवर सोडता येत नाही.